हत्तीच्या कानातली कुडी

बळेपेट, बेंगळूर
सोमवार, १७ नोव्हेंबर १९९७

सोयराबाईस,

आशीर्वाद पाठवू की नको याचा विचार करत बसले आणि तेवढ्यात लिहिणारीनं विचारलं, "आजी, पुढे?" तेव्हा घेऊन टाक. तीन वर्षांचे तीन. एकदम पाठवलेत, जपून वापर.

लिहिणारी म्हणजे आमच्या नातवाची, नंदूची, नवी बायको, उल्का. पुण्याची. इंदिरानगरात कॉम्प्युटरच्या ऑफिसात जाते. अक्षर मोत्यासारखं आहे म्हणतात, म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवायचा. मी बोलते तसंच लिहायचं, वरणात पाणी घालतात तसं काही घालायचं नाही, असं तिला बजावलंय.

आता कामाचं. शेजारची गंगव्वा धारवाडकडची. तिची लेक जे. पी. नगरात राहते. तिथं अपार्टमेंटवाल्यांच्या मैदानात दर रविवारी संते भरते, आपल्या आठवड्याच्या बाजारासारखी. परवा गौरी हुण्णिमे, म्हणजे त्यांची कार्तिकातली पौर्णिमा, झाली. त्यांच्याकडे साखरेच्या चित्रांची आरती करतात, तुला माहीत आहे. तर गंगव्वानं तिथून विकत घेतलेला एक साखरेचा हत्ती मला आणून दिला. "अज्जी, तुमच्या हातचा वाटतो," म्हणाली.

मी हत्ती हातात घेतला. सोयरे, त्याच्या उजव्या कानात कुडी होती.

त्या कुडीची गोष्ट तुला सांगायला नको, पण लिहिणारीला कळावी म्हणून सांगते. लग्नाच्या पहिल्याच वर्षी माझ्या हातून हत्तीच्या साच्याची उजवी फळी पाट्यावर आपटली आणि कानाजवळ लाकडाचा टवका उडाला. त्या खळग्यात पाक शिरतो आणि हत्तीच्या कानात दाणा उठतो. सासूबाई म्हणाल्या, "असू दे, हत्तीणीला कुडी झाली." बेंगळुरात असा हत्ती दुसरा नाही.

आणि डाव्या पायात वाळा होता. म्हणजे तुझ्या डाव्या फळीतली चीर.

सासूबाईंनी सातही साचे आपल्या दोघी जावांत मधून वाटले. उजव्या फळ्या मला, डाव्या तुला. "तुम्ही दोघींनी तोंडं फिरवलीत तर सणाला साखर उठायची नाही," म्हणाल्या. माझ्या फळ्या माझ्या ट्रंकेत आहेत आणि ट्रंकेची किल्ली माझ्या कनवटीला. मग हा हत्ती उभा कसा राहिला? तू कुठल्या सुताराकडून माझी फळी कोरून घेतलीस? टवक्यासकट कोरून घेतलीस म्हणजे सुतार बाकी चांगला मिळाला.

एक मात्र सांगते. हत्तीचा पाक कच्चा होता. सोंड धरली तर सोंड हातात आली. तीन वर्षांत पाक विसरलीस वाटतं.

तुझ्या लेकाला, वासुदेवरावांना, आशीर्वाद. त्यांना खरेच.

तुंगाबाई
(आजींनी इथे शाईचा अंगठा उमटवला आहे. — उल्का)


होसकोटे
सोमवार, २४ नोव्हेंबर १९९७

ती. अक्कांस,

सोयरेचा नमस्कार. आशीर्वाद पोचले. त्यांतले दोन परत पाठवते, एक पुरेल.

अक्का, चौथी का होईना, मी शिकले. त्यामुळे माझी पत्रं मीच लिहिते आणि मीच वाचते. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, तरी त्यात "सोयरे, तू कशी आहेस" हे कुठं सापडलं नाही. गुडघे दुखतात. विचारलं नाहीत तरी सांगते.

मी सुताराकडे गेले नाही. माझ्या सात डाव्या फळ्या लुगड्यात बांधून माळ्यावर ठेवल्यात. तुमचं पत्र आलं तशी शिल्पाश्रीला माळ्यावर चढवलं. वासूची धाकटी, आता मोठी झाली, रविवारी बेंगळुराला कसल्याशा कॉम्प्युटर क्लासला जाते. तिनं गाठोडं खाली दिलं. मोजल्या. सात.

आता मला सांगा, माझी फळी माझ्या घरात आणि तुमची तुमच्या ट्रंकेत, तर चोर मीच का? हत्तीला कान एका बाजूचा आणि पाय दुसऱ्या बाजूचा लागतो. तुम्हीच माझी फळी कोरून घेतली नसेल कशावरून? सुतार बळेपेटेत जास्त, होसकोट्यात नाहीत.

आणि तो पाक! अक्का, असला पाक मी करीन? ज्या पाकाची सोंड हातात येते तो माझा आहे असं म्हणताना तुमची जीभ अडखळली नाही? चोर म्हणालात ते एक वेळ सोसेन.

तुमच्या मनात मी चोर असणारच. तीन वर्षांपूर्वी मंडळाच्या संक्रांतीच्या मेळ्यात मीही तुमच्याबद्दल काही बोलले होते. ते अजून परत घेतलेलं नाही. तीस वर्षं डाव्या फळ्या मांडीवर घेऊन मी होसकोट्याहून बसनं येत होते. मेळ्यात आपल्या जागेवर नवी पाटी लागली त्या दिवशी मी ती वाचली. "तुंगाबाई यांची साखरेची चित्रे." एवढंच. आणि एक बाई मला विचारून गेली, "तुम्ही तुंगाबाईंच्या हाताखाली असता का?"

तो हत्ती मला पाठवा. मला डोळ्यांनी बघायचाय.

सोयरा


बळेपेट, बेंगळूर
सोमवार, १ डिसेंबर १९९७

सोयरे,

तू कशी आहेस? विचारलं बघ. गुडघ्यांना मोहरीचं तेल लाव.

हत्ती पाठवते आहे, डब्यात. सोंड वेगळी कागदात गुंडाळलीय.

पाटीचं पुन्हा काढलंस. पेंटरनं काय रंगवलं ते मला काय ठाऊक? मला काळ्यावरचं पांढरं सगळं सारखंच. न शिकलेल्या बाईवर अक्षरांचा आळ घालतेस, हा तुझ्या चौथीचा उपयोग.

आता ऐक, गोष्ट वाढलीय. मंडळाचा चिटणीस पवनकुमार परवा आला होता. संक्रांतीच्या मेळ्यात साखरेच्या चित्रांना यंदा एकच जागा, फाटकाजवळची. बावीस वर्षं तिथं मी बसते. तर म्हणतो, "अज्जी, दुसरा एक अर्ज आलाय. जुन्या लाकडी साच्यातली चित्रं आहेत. तुमची हल्ली प्लास्टिकच्या साच्यातली असतात, लोक बोलतात. चार जानेवारीला दोघांनी आपापली चित्रं घेऊन या, समिती बघून ठरवेल."

मी विचारलं, अर्ज कुणाचा? तर हा सदऱ्याचं बटण चाळवत म्हणाला, "ते आत्ता सांगता येत नाही अज्जी, नियम आहे." पवनकुमारला मी लंगोटात पाहिलाय. त्याला नियम कधीपासून आले?

लोक बोलतात ते खरं आहे. तू रुसून गेलीस तशी मी ॲव्हेन्यू रोडवरून प्लास्टिकचे साचे आणले. त्यातला हत्ती डुकरासारखा दिसतो. पोरं ओळखत नाहीत, आया सांगतात, "हत्ती आहे रे, खा." आता माझ्याच कुडीचा हत्ती घेऊन कुणीतरी माझ्याच जागेवर बसणार आणि मी बाजूला उभी राहून डुकरं विकणार. हे होऊ द्यायचं नाही मला. ती जागा गेली तर मेळ्यात मी कोण? तिळगूळ मागत फिरणारी म्हातारी.

म्हणून परवा ट्रंक उघडली. सात फळ्या होत्या. पण मी पुसायला हातात घेतल्या आणि बसूनच राहिले. तीन वर्षं पाणी न लागलेलं लाकूड कसं लागतं ते तुला माहीत आहे. हलकं, कोरडं, रुसलेल्या माणसासारखं. या फळ्या जड होत्या. नाकाशी धरल्या तर लिंबाचा वास. सोयरे, मला अक्षर वाचता येत नाही, पण लाकूड येतं. माझ्या फळ्या भिजून, पाक पिऊन, पुसून परत ट्रंकेत येऊन झोपल्यात.

म्हणजे चोर घरात येतो आणि परतही ठेवतो. मला आता कुणाचा भरवसा वाटत नाही. गंगव्वाचा नाही, हत्ती तिनंच का आणला? नंदूचा नाही, तो मला हल्ली "अज्जी, दमतेस, बस आता" म्हणतो. मला बसवायला टपलाय. उल्काला विचारलं तर म्हणते, "मला काय माहीत आजी, मी तर रविवारी सुद्धा ऑफिसला असते." दोन हजार साल उजाडलं की जगातले कॉम्प्युटर बिघडणार म्हणे, म्हणून ही आत्तापासून रविवारी जाते.

तेव्हा मी ठरवलंय. माझ्या सातही फळ्या या पत्राबरोबर मंजुनाथ कंडक्टरच्या हाती तुझ्याकडे पाठवते. माझ्या घरात राहिल्या तर चोरीला जातात. तुझ्याकडे डाव्या आहेतच. आता दोन्ही तुझ्या पदरात. यापुढं जे. पी. नगरात हत्ती उठला तर तो तू उठवलास हे उघड. नाही उठला तर तुझी माफी मागेन. मागायची वेळ येईल असं वाटत नाही.

तुंगाबाई
(अंगठा)


होसकोटे
सोमवार, १ डिसेंबर १९९७

ती. अक्कांस,

नमस्कार. तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते, कारण वासू आज माल आणायला चिक्कपेटेत निघालाय.

आठ दिवस झोप नाही. तुम्ही मला चोर म्हणालात, आणि म्हातारपणी हे बिरुद मला नको. वासूच्या हाती माझ्या सात डाव्या फळ्या पाठवते. घ्या, ठेवा ट्रंकेत, लावा कुलूप. आता दोन्ही बाजू तुमच्याकडे. यापुढं बाजारात हत्ती दिसला तर आरशात बघा, चोर दिसेल.

मला साच्यांचा मोह नाही. सासूबाईंनी दिल्या म्हणून एवढी वर्षं सांभाळल्या. गाठोड्याची गाठ बाकी दोनदा मारली. वासू म्हणाला, "अव्वा, स्वल्प विचार कर." मी म्हटलं, केला.

सोयरा


बळेपेट, बेंगळूर
सोमवार, ८ डिसेंबर १९९७

सोयरे,

आपल्या सासूबाई वरून बघत असतील तर पोट धरून हसत असतील.

मी उजव्या तुझ्याकडे पाठवल्या, तू डाव्या माझ्याकडे. त्याच दिवशी. मंजुनाथची बस आणि वासुदेवरावांची बस वाटेत एकमेकींना घासून गेल्या असतील. एवढं करून काय झालं? काल तुझ्याकडे अर्धा हत्ती होता तो आज माझ्याकडे आला, माझा तुझ्याकडे गेला. दोघींकडे अर्धाच. साठी ओलांडलेल्या दोन बायांनी एवढा शहाणपणा केला, आणि अक्कल होती तिथंच राहिली.

पण थांब. हसून झालं की पुढचं ऐक.

काल रविवार. गंगव्वा लेकीकडे गेली होती. येताना काय आणलं असेल? हत्ती. कानात कुडी, पायात वाळा. आणि बरोबर एक मोर.

मी रात्रीचं जेवण सोडलं नाही, पण घास घास विचार केला. आता माझ्या घरात डाव्या आहेत, उजव्या तुझ्या घरात. गोष्ट उलटीपालटी झाली तरी हत्ती उठलाच. तू एकटीनं उठवला म्हणावं तर डाव्या फळ्या तुझ्याजवळ नाहीत. मी उठवला म्हणावं तर मला मी भेटले नाही. म्हणजे चोर एक नाही, सोयरे. दोन आहेत. एक तुझ्या घरी, एक माझ्या घरी. रविवारी सकाळी दोघं निघतात, अर्धा अर्धा हत्ती घेऊन, आणि कुठंतरी भेटतात.

आता माझ्या घरातला चोर. रविवारी मी डोक्याला तेल लावून न्हाते, तुला माहीत आहे, तासभर लागतो. त्या वेळी कनवटीची किल्ली खुंटीवर असते. आणि संध्याकाळी भजनाला जाताना लुगडं बदलते तेव्हाही ती खुंटीवरच राहते. हे ज्याला ठाऊक तो चोर.

दुसरी खूण मुंग्यांची. आज सकाळी बघते तर मुंग्यांची रांग. चुलीपाशी गेली नाही, गुळाच्या डब्याशी थांबली नाही. भिंतीवरून चढली, देवघराला वळसा घालून सरळ एका ऑफिसच्या पिशवीत शिरली. मला प्रश्न पडला. कॉम्प्युटरमध्ये साखर असते का ग?

लिहिणारी थांबलीय. म्हणते, "आजी, पेन चालत नाहीये." मी म्हटलं, झटक. झटकलं. म्हणते, "आजी, हे एवढं सगळं लिहायलाच हवं का?" मी म्हटलं, तुला कशाला घाम फुटतोय, मी कुणाचं नाव घेतलंय का? कुणाचं घेतलेलं नाही. घेणारही नाही. ज्याचं त्यानं घ्यावं.

तू तुझ्या घरच्या मुंग्या बघ.

तुंगाबाई
(अंगठा)

ता. क. — सोयराआजी, हे आजींनी सांगितलेलं नाही, मी माझं लिहिते आहे. त्यांना कळलंय असं वाटतं, पण त्या मला काहीच विचारत नाहीत, नुसत्या लिहून घेतात. त्याचंच जास्त टेन्शन येतं. प्लीज, चार जानेवारीपर्यंत काही बोलू नका. शिल्पाश्रीला रागावू नका, आयडिया माझी होती. आम्ही वाईट काही केलेलं नाही, शपथ. — उल्का


होसकोटे
सोमवार, १५ डिसेंबर १९९७

उल्के,

हे पत्र तू अक्कांना मोठ्यानं वाचून दाखवणार आहेस. अगदी ही ओळसुद्धा. एक अक्षर गाळलंस तर संक्रांतीला भेटल्यावर मी त्यांना पुन्हा वाचून दाखवीन, आणि मला वाचता येतं.

अक्का, नमस्कार. तुमच्या पत्राखाली या मुलीनं चोरून चार ओळी लिहिल्या होत्या. तुम्हाला ऐकवल्या नसणार. तिनं कबुली दिलीय. तुमच्या घरचा चोर तीच.

माझ्या घरचा चोर शिल्पाश्री. समोर बसवून विचारलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "सरी अज्जी, बरं, आता कळलंच आहे तर बस, सांगते."

दोघींची ओळख नंदूच्या लग्नात झाली. तेव्हा तुम्ही मांडवाच्या एका टोकाला होता आणि मी दुसऱ्या, आठवतं का? दिवसभर आपण दोघींनी एकमेकींकडे पाठ ठेवली. या दोघी मधे बसून बघत होत्या. कसला कॉम्प्युटर क्लास आणि कसलं रविवारचं ऑफिस! जे. पी. नगरात उल्काची निधी नावाची मैत्रीण आहे, तिच्या स्वयंपाकघरात या दोघी रविवारी सकाळी फळ्या जुळवतात, दोरीनं बांधतात, पाक ओततात आणि दुपारी संतेत जाऊन विकतात. पहिल्या चार रविवारचे हत्ती त्यांनी स्वतःच खाल्ले, उभे राहिनात म्हणून.

मी म्हटलं, विचारलं का नाहीत? ती म्हणाली, "कुणाला विचारायचं? तुला विचारलं तर तू म्हणणार, आधी अक्कांना विचारा. त्यांना विचारलं तर त्या म्हणणार, आधी तिला विचारा." मग म्हणाली, "अज्जी, तुम्ही दोघी गेलात की या फळ्या चुलीत जाणार. पाक कुणाला येतो? तुम्ही भांडत राहा, आम्ही शिकतो."

मी एवढंच म्हटलं, पाक कच्चा राहतो तुमचा. ती म्हणाली, "ते कळतंय. का राहतो ते कळत नाही." लिंबू लवकर पिळतात, अक्का. साखर विरघळायच्या आत.

आता दुसरा अर्ज. तो या दोघींनीच केलाय. पण नावं त्यांची नाहीत. शिल्पाश्रीनं मला नक्कल दाखवली, मी स्वतः वाचली. अर्जदार: श्रीमती तुंगाबाई आणि श्रीमती सोयराबाई. म्हणजे चार जानेवारीला तुमच्याविरुद्ध तुम्हीच उभ्या आहात. पवनकुमार बटण का चाळवत होता ते कळलं का?

मुलींवर मी रागावले नाही. राग आहे तो जुना आहे आणि तुमच्यावर आहे. तो अर्ज वाचताना माझ्या डोळ्यांना पाणी आलं. चाळीस वर्षांत माझं नाव तुमच्या नावाशेजारी कागदावर पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही चोरांनी लिहिलेलं.

मी येईन. फळ्या घेऊन येईन, गुडघे घेऊन येईन, पाक शिकवीन. पण त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं. त्या पाटीवर एकच नाव आहे हे तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं की नव्हतं? नव्हतं म्हणालात तर मानीन. खोटं असलं तरी मानीन, पण मग फळ्या मंजुनाथच्या हाती येतील, मी येणार नाही.

सोयरा


बळेपेट, बेंगळूर
सोमवार, २२ डिसेंबर १९९७

सोयरे,

तुझं पत्र उल्कानं वाचून दाखवलं. एक अक्षर गाळलं नाही. स्वतःचं नाव आलं तेव्हा आवाज एवढासा झाला, मी म्हटलं मोठ्यानं. वाचून झाल्यावर पदरात तोंड घालणार तर ती पंजाबी ड्रेसातली, ओढणी तोंडावर घेतली. मी म्हटलं, चोर बाई, चहा टाक.

मुंग्यांच्या दिवसापासून मला कळलं होतं. बोलले नाही. चोराकडूनच चोरीचं पत्र लिहून घेण्यात जी मजा आहे ती तुझ्यासारख्या चौथीवाल्यांना नाही कळायची. पण एक गोष्ट मला नव्हती कळली, तो अर्ज. मला वाटत होतं दोघी मिळून मला उठवतायत. इतके दिवस सगळ्यांकडे तिरक्या नजरेनं बघितलं, गंगव्वाला तर दोन दिवस दही दिलं नाही. आता तिला काय सांगू?

बरं. आता तुझा प्रश्न.

चार दिवस झाले, उत्तर आज देते. उल्का रोज वही घेऊन बसायची आणि मी म्हणायची, उद्या. एक तर ते सांगायला जड, आणि ते या पोरीच्या हातानं लिहून घ्यायचं म्हणजे आणखी जड. तिचा चोर मी पकडला, आता माझा चोर ती लिहून घेणार. पण माझ्याकडे दुसरा हात नाही.

पेंटर आला तेव्हा मी भट्टीपाशी होते. म्हणाला, "अज्जी, फळा एवढाच आहे. दोन नावं घातली तर अक्षर बारीक होईल, लांबून दिसणार नाही. एकच घालू?" मी म्हटलं, घाल. तो म्हणाला, "कुठलं?"

सोयरे, तू त्या वेळी नळावर फळ्या भिजवत होतीस. तुझी पाठ दिसत होती मला. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

मी म्हटलं, तुंगाबाई.

पाटी लागली तेव्हा मी खाली उभी राहून बघत होते. अक्षर कळत नाही, ते खरं. पण एका नावाला किती जागा लागते आणि दोन नावांना किती, एवढं कळायला शाळा लागत नाही. नाव एकच होतं आणि मोठं होतं, आणि मला ते बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं काहीतरी लांबून दिसत होतं. मग तू वाचलंस आणि माझ्याकडे बघितलंस, आणि मी म्हटलं, मला काय ठाऊक, मला कुठं वाचता येतं. वाचता येत नाही हे माझं पांघरूण आहे ग. थंडी वाजली की ओढून घेते.

मी चोर शोधत होते तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. माझी तेवढी राहिली होती.

मघाशी लिहिणारीचं पेन थांबलं होतं, आता आपणहून चालतंय. मी विचारलं, शाई संपली का? म्हणाली, "नाही आजी, आहे भरपूर."

पवनकुमारला बोलावून सांगितलं, माझा प्लास्टिकचा अर्ज फाड, दुसरा राहू दे. त्याचा जीव भांड्यात पडला. म्हणाला, "अज्जी, तुमच्याविरुद्ध तुम्हालाच निवडायचं म्हणजे मला झोप नव्हती." आता एकच अर्ज आहे, त्यामुळे फाटकाजवळची जागा आपली. चार तारखेला चित्रं दाखवायची तेवढी राहिली. पोरींच्या पाकावर सोडलं तर समितीच्या हातात सोंडा येतील. तेव्हा तू लवकर ये. नाताळ झाला की लगेच ये. शिल्पाश्रीला घेऊन ये. लिंबू कधी पिळायचं ते तू सांग, साखर कधी घोटायची ते मी सांगते. दोघींना एकदमच सांगू, म्हणजे त्यांच्यात अर्धं अर्धं वाटलं जाणार नाही. सासूबाईंची युक्ती चांगली होती, पण आपल्यासारख्या सुना मिळाल्यावर ती तरी काय करणार?

येताना उजव्या फळ्या आण, डाव्या माझ्याकडे आहेत. गेले पंधरा दिवस मी त्या रोज एकदा उघडून बघते. हत्तीच्या पायातली चीर बोटाला लागते. इतकी वर्षं शेजारी बसून मी ती कधी हातानं बघितली नव्हती.

माफीचं बोलले होते. मागितली असं समज. ही ओळ उल्कानं दोनदा वाचून घेतली, मी खरंच म्हटलं ना म्हणून. म्हटलं, पोरी, लिही.

पेंटर शनिवारी येतोय. नवी पाटी सांगितलीय, मोठ्या फळ्यावर. तू स्वतः त्याच्यासमोर उभी राहून लिहून घे, म्हणजे पुन्हा आळ नको. आधी तुझं नाव घाल, मग माझं. पण तुझं फार मोठं घालू नकोस. मला वाचता येत नसलं, तरी जागा मोजता येते.

तुंगाबाई
(अंगठा)